सोलापूरच्या उन्हात वासाचा जांभळा गुलाब जगवायचाय, कोणता लावू?

अंगणवाली, जुळे सोलापूर

नमस्कार मंडळी. घरापुढं आठ बाय बारा फुटांचं अंगण आहे. त्यात तुळस, कढीपत्ता, मोगरा, जास्वंद आणि कोपऱ्यात कोरफड. आता एक गुलाब लावायचा आहे, पण घरातून दोन अटी आल्यात. मुलगी पाचवीत आहे, तिला जांभळाच हवा. लाल, पिवळा, गुलाबी काहीही दाखवलं तरी ती मान हलवते. सासूबाईंना काचबिंदूमुळं रंग नीट कळत नाहीत. त्या म्हणतात, वास नसलेलं फूल देवाला वाहायचं कशाला? थोडक्यात, रंग नातीसाठी आणि वास आजीसाठी, आणि दोन्ही एकाच झाडावर, कारण दुसऱ्या झाडाला जागाच नाही.

जागा कशी आहे ते आधीच सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल. अंगण पश्चिमेला उघडं आहे. दुपारी दोनला ऊन आलं की सूर्य बुडेपर्यंत हलत नाही. घरामागं पूर्वेला अडीच फुटांची बोळ आहे, तिथं सकाळी सात ते अकरा चांगलं ऊन असतं, मग भिंतीची सावली. माती काळी. घर बांधताना पायातून निघालेला मुरूम आणि चुनखडीचे खडे अंगणातच पसरलेत. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून ते हौदात साठवून घरात वापरतो आणि झाडांना बोअरचं घालतो. त्या पाण्यानं बादलीला आतून पांढरा थर धरतो.

मागच्या पावसाळ्यात शहराबाहेरच्या एका नर्सरीतून ‘ब्लू रोज’ अशी चिठ्ठी लावलेलं रोप आणलं होतं. फूल राणी कलरचं निघालं, वास अजिबात नाही. पुढं नवी पानं पिवळी पडत गेली, शिरा मात्र हिरव्याच. उन्हाळ्यात फांद्या शेंड्याकडून काळ्या होत खाली वाळत आल्या आणि झाड गेलं. आता घरात ऑनलाइन निळ्या गुलाबाचं बी मागवायचा विचार चाललाय, तो मी थांबवून ठेवलाय.

पुण्याची, नाशिकची, बेंगळुरूची माहिती भरपूर वाचली. त्यांची हवा वेगळी. मला आपल्या इथली सांगा. कोणती जात घेऊ, जमिनीत लावू की कुंडीत, आणि एप्रिल-मे कसा काढायचा?

---

रंगमास्तर, अशोक चौक

ताई, बी मागवू नका. खरोखर गुलाबाचं बी आलं, तरी त्यातून आईसारखं झाड येत नाही, प्रत्येक रोप वेगळं निघतं. आणि निळा गुलाब निसर्गात नाहीच. फुलांना निळं करणारं डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य बनवायची सोय गुलाबात नाही. जपानच्या सन्टोरी कंपनीनं दुसऱ्या फुलाचं जनुक घालून तसा गुलाब केला, २००४ मध्ये जाहीर केला आणि २००९ पासून तिकडं विकायला काढला. तोसुद्धा डोळ्याला फिका जांभळाच दिसतो. दुकानात दिसतो तो निळाशार गुलाब म्हणजे पांढरं फूल रंगाच्या पाण्यात ठेवलेलं.

माझं आयुष्य डाईंगमध्ये गेलं, चादरी आणि टॉवेलच्या सुताला रंग देण्यात. त्यामुळं तुमची बोअरची बादली वाचली आणि पुढचं सगळं कळलं. जड पाण्यानं रंग बसत नाही, डाग पडतात, हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. झाडालाही तेच पाणी नडतं, कारण फक्त वेगळं. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तेही शेंड्याच्या कोवळ्या पानांवर, ही लोहाची कमतरता. आता आपल्या मातीत लोह नाही असं नाही, भरपूर आहे. चुन्यामुळं मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप) आठच्या पुढं जातो आणि ते लोह मुळांना उचलता येत नाही. वर तुम्ही चुनखडीचे खडे पसरलेत आणि रोज चुन्याचं पाणी घालताय.

लोक सांगतील हिराकस, म्हणजे लोहाचं मीठ, टाका. हिराकस आम्ही काळ्या रंगासाठी वापरायचो, ओळखीची वस्तू आहे. पण चुन्याच्या मातीत टाकलं की थोड्याच दिवसांत तेही बांधलं जातं. पानांवर फवारायला ठीक आहे, लिटरला पाच ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्त्व, संध्याकाळी. मातीत द्यायचं असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यानं बांधलं जाऊ नये म्हणून दुसऱ्या द्रव्यात धरून ठेवलेलं लोह, घ्या आणि घेताना पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलंय का ते बघा. ‘ईडीटीए’वालं स्वस्त मिळतं, पण आपल्या मातीत ते टिकत नाही. ईडीडीएचए टिकतं. पाण्यात मिसळलं की गडद लाल दिसतं. कुंडीला दोन ग्रॅम, दीड-दोन महिन्यांनी एकदा, पुरे.

गंधक टाकून जमीन सुधारा असंही कोणी म्हणेल. जिथं खडेच खडे आहेत तिथं किती गंधक पुरणार? म्हणून माझं स्पष्ट मत, तुमच्या अंगणात जमिनीत लावू नका. चौदा ते सोळा इंची कुंडी घ्या. चुना नसलेली लाल माती निम्मी, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत पाव भाग, उरलेल्यात जाड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यातून धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. एक ओंजळ निंबोळी पेंड मिसळा. अंड्याची टरफलं, चुना, राख यातलं काही नको. हाडांचा चुरा सगळीकडं सांगतात, पण चुनखडीच्या जमिनीत तो विरघळत नाही, पडून राहतो.

पाणी: पावसाळ्यात गच्चीच्या पन्हाळीखाली पिंप ठेवा. एसीचं ठिबकणारं पाणी चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओच्या मशिनचं वाया जाणारं पाणी गुलाबाला कधीच नको, त्यात क्षार दाटून आलेले असतात. घरी सॉफ्टनर बसवला असेल तर तेही नको. ते पाणी हाताला मऊ लागतं कारण चुन्याच्या जागी सोडियम आलेलं असतं, आणि सोडियम मुळांना वाईट. यातलं काहीच नसेल तर नळाच्या साठवलेल्यातलं तांब्याभर बाजूला काढा. बोअरचं कढीपत्त्याला घाला.

आता जात. जांभळ्या वासाच्या गुलाबांचं मूळ घराणं एका झाडापाशी जातं, ‘स्टर्लिंग सिल्व्हर’. अमेरिकेत ग्लॅडिस फिशर या बाईंनी १९५७ मध्ये बाजारात आणलं. रंग रुपेरी जांभळा, वास उत्तम, पण अंगानं नाजूक. त्याच्या वंशातलं ‘ब्लू मून’, जर्मनीच्या टांटाऊंचं, १९६४ च्या सुमाराचं. नाव निळं असलं तरी रंग फिका जांभळा. वासाला लिंबाची झाक असते आणि तो दमदार असतो. झाड उंच जातं, काटे इतर गुलाबांपेक्षा कमी. आजींना फूल हातानं चाचपून घ्यायचं असेल तर ही मोठी सोय आहे. तुमच्या दोन्ही अटींत बसणारं आणि आपल्याकडच्या नर्सऱ्यांत मिळणारं तेच. ‘पॅरडाइज’ही मिळेल, १९७८ चं, जांभळ्या पाकळीला माणकासारखी लाल कड. दिसायला सुरेख आणि काटक, पण वासाला मध्यम. आजींसाठी ते नको. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेची ‘नीलांबरी’ कुठं दिसली तर जरूर बघा, घोसानं फुलणारी आहे.

चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका, रोप फुलावर असतानाच घ्या. डिसेंबर-जानेवारीत सकाळी जा आणि वास घेऊन घ्या. पुण्याला जाणं होत असेल तर आपल्याच हायवेवर उरुळी कांचन, सोरतापवाडीला ओळीनं नर्सऱ्या आहेत.

---

गच्चीवाला, होटगी रोड

रंगमास्तरांचं पाण्याचं सगळं पटलं. उन्हाळ्याचं मी सांगतो, कारण माझी झाडं गच्चीवर आहेत आणि तिथं मे महिना काय असतो ते रोज बघतो.

चाळीसच्या वर पारा गेला की फांदी उन्हानं मरण्याआधी मुळं शिजतात. काळी प्लॅस्टिकची कुंडी पश्चिमेच्या उन्हात तापली की आतली माती हाताला चटका देते. ताई, तुमच्या रोपाच्या फांद्या शेंड्याकडून वाळल्या त्यात याचाही हात असणार. कुंडी मातीची घ्या किंवा बाहेरून पांढरा डिस्टेंपर मारा. एका मोठ्या कुंडीत दुसरी ठेवून मधल्या जागेत ओली वाळू किंवा नारळाच्या शेंड्या भरल्या तर फार फरक पडतो. मातीवर चार बोटं उसाचं पाचट अंथरा. आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही, रसवंतीवाल्याकडून चोयट्या आणल्या तरी चालतात, फक्त गोडवा जाईपर्यंत वाळवून घ्या नाहीतर मुंग्या लागतात.

मार्चच्या मध्यापासून पन्नास टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, हिरवी जाळी बांधा. फक्त दुपारच्या बाजूनं. सकाळचं ऊन अडवलं तर कळीच धरणार नाही.

कीड म्हणाल तर उन्हाळ्यात दोनच शत्रू. लाल कोळी पानाच्या खालच्या अंगाला असतो, पान धूळ बसल्यासारखं फिकट दिसतं. त्याला कोरडी हवा आवडते, म्हणून सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारायचा, आठवड्यात दोन-तीनदा. निम्मं काम त्यानं होतं. दुसरे फुलकिडे. कळी उमलायच्या आधीच कडा तपकिरी होतात, जांभळ्या फुलावर तर लगेच डोळ्यात भरतं. अशी कळी खुडून पिशवीत बांधून टाकायची, कुंडीपाशी पाडायची नाही. निळे चिकट सापळे मिळतात, एक लावून ठेवा. निंबोळी अर्क संध्याकाळीच फवारा, उन्हात फवारलात तर पानं करपतात.

आणि मे महिन्यात फुलाचा हट्ट धरू नका. आली तरी लहान येतात, रंग उडालेला असतो. तेव्हा झाड जगवणं एवढंच काम.

---

अंगणवाली, जुळे सोलापूर

रंगमास्तर काका, गच्चीवाले दादा, खूप आभार. बी मागवणं रद्द झालं. ‘निसर्गात नाहीच’ हे मुलीला वाचून दाखवलं तर तिनं लगेच विचारलं, मग जांभळा कसा असतो? तेवढं सांगाल का? आणि उन्हाळ्यात रंग उडतो म्हणालात, तो झाडाला काही कमी पडल्यानं की उन्हानंच?

कुंडीचं ठरलं. बोळीत पूर्वेला ठेवावी असं मनात आहे. तिथं भिंत सावली धरते आणि सासूबाई सकाळी मागच्या दारातच बसतात. पण बोळ अरुंद आहे, वारा खेळत नाही. ‘ब्लू मून’ उंच जातं म्हणता, तर तिथं चालेल का?

---

बाई, विजापूर रोड

माझी ओळख एवढीच की शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर गुलाब हाच उद्योग. आधी छोटीच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण प्रश्न फार चांगला आहे.

बाळा, लाल गुलाबात जे सायनिडिन नावाचं रंगद्रव्य असतं, बहुतेक तेच जांभळ्यातही असतं. पाकळीच्या पेशीतला रस किती आंबट आहे आणि त्या रंगद्रव्याला दुसरी कोणती बिनरंगी द्रव्यं चिकटली आहेत, यावर ते लाल दिसायचं की जांभळं हे ठरतं. आईला सांग, लाल कोबी चिरून पाण्यात उकळ. त्या पाण्यात एकदा लिंबू पिळ आणि दुसऱ्या वाटीत खाण्याचा सोडा टाक. एकच रंग तीन तऱ्हा दाखवेल.

आता रंग उडण्याचं. हे उष्णतेनं होतं. तापमान चढलं की झाड हे रंगद्रव्य कमी बनवतं आणि बनलेलं लवकर मोडतं. जांभळ्या गुलाबात मुळात ते थोडंच असतं, म्हणून लाल गुलाब उन्हाळ्यात फक्त फिका होतो आणि जांभळा राखाडी होतो. वासाचंही तसंच. वासाची तेलं पाकळीत असतात आणि उन्हानं उडून जातात. सूर्य वर यायच्या आधी, अर्धवट उमललेल्या फुलाला वास सगळ्यात भरून असतो. आजी सकाळी मागच्या दारात बसतात म्हणजे वेळ आणि जागा दोन्ही नेमकी आहे.

सोलापुरात जांभळा गुलाब हा हिवाळ्याचा धरायचा आणि छाटणीचं गणित त्यावर मांडायचं. छाटल्यावर साधारण सहा-सात आठवड्यांनी फूल येतं. पाऊस गेला की दसऱ्यानंतर छाटलं तर डिसेंबरच्या सुरुवातीला बहर. तो ओसरला की सुकलेली फुलं खालच्या ज्या पानाला पाच छोटी पानं असतात तिथपर्यंत कापायची, मग दुसरा बहर सिद्धरामेश्वरांच्या यात्रेनंतर, जानेवारीच्या शेवटापर्यंत. नेमकं संक्रांतीला, नंदीध्वज निघतात तेव्हा फूल हवं असेल तर छाटणी नोव्हेंबरच्या शेवटाला न्यायची. मी एका झाडाची तशी नेते, यात्रेला घरचं फूल असावं म्हणून. ऑक्टोबरचा चटका असतो तोवर कोवळी फूट करपते, त्यामुळं छाटणी उशिरा नेण्यात आपल्याकडं तसंही नुकसान नाही.

छाटणी फार खोल करू नका. जांभळे गुलाब जोमानं कमी असतात, निम्म्याहून जास्त उंची काढली तर परत उभं राहायला वेळ लागतो. डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या जागेच्या) वर तिरपा काप, कात्री आधी डेटॉलनं पुसलेली, आणि जाड फांदीच्या तोंडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप). फांदी वरून काळी होत येण्याचा रोग याच तोंडातून शिरतो.

बोळीबद्दल मात्र मी ‘ब्लू मून’ला थोडी कचरते. वारा कोंडला की थंडीत कोवळ्या पानांवर भुरी येते, पांढरी पिठासारखी. पर्याय म्हणून ‘एंजल फेस’ हे नाव टिपून ठेवा. अमेरिकेतलं, १९६८ चं, झालरीसारख्या पाकळ्या, वास लिंबाच्या अंगाचा आणि कडक. झाड कमरेएवढंच, बोळीत मावेल. रंगही ‘ब्लू मून’पेक्षा गडद, म्हणजे नात खूश. अडचण एकच, आपल्या बाजूला ते सहज मिळत नाही.

---

रंगमास्तर, अशोक चौक

बाईंचं भुरीचं बरोबर आहे. ‘एंजल फेस’ मिळालं तर तेच घ्या, मला मान्य. नाही मिळालं तर ‘ब्लू मून’वरच या, फक्त कुंडी हलती ठेवा. चाकांचा लोखंडी स्टँड करून घ्या, कुठलाही वेल्डर करून देईल. फेब्रुवारीच्या शेवटापासून पाऊस पडेपर्यंत बोळीत. हिवाळ्यात पुढच्या अंगणात, तेव्हा दुपारच्या उन्हाला चटका नसतो आणि वाराही मिळतो. सकाळी फूल उमललं की तोडून आजींच्या हातात. भुरी दिसलीच तर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, पण थंडीतच. तीस-बत्तीसच्या वर पारा असताना गंधक फवारलं तर पानं जळतात.

रोप आणल्यावर डोळा भरलेली गाठ, म्हणजे रानटी खुंटावर जांभळ्याचं कलम केलेली जागा, कुठं आहे ते आधी शोधा, बुंध्यापाशी फुगीर दिसते. लावताना ती मातीच्या वर दोन बोटं राहिली पाहिजे. त्या गाठीच्या खालून जोरदार कोवळी फांदी आली की लोक आनंदतात. ती खुंटाची, म्हणजे खालच्या रानटी गुलाबाची. ती बुडापासून ओढून काढायची, नुसती कापली तर पुन्हा येते. तशीच वाढू दिली तर एक-दोन हंगामांत वरचा जांभळा मरतो आणि खुंटाची बारीक फुलं राहतात.

---

अंगणवाली, जुळे सोलापूर

ठरलं मग. डिसेंबरात पुण्याला लग्न आहे, येताना सोरतापवाडीला थांबू. आधी ‘एंजल फेस’ विचारणार, नाहीतर ‘ब्लू मून’. सासूबाईंना सोबत नेणार आहे, वास त्याच पारखतील. एक शेवटचं: त्यांना पाकळ्यांचा गुलकंद करायची हौस आहे. या फुलांचा होईल का?

---

बाई, विजापूर रोड

आजींना नेताय हे फार छान. त्यांना सांगा, पूर्ण उमललेल्या फुलापेक्षा अर्ध्या उमललेल्याचा वास घ्या.

गुलकंदाला हे फूल नको. त्याला भरपूर, पातळ पाकळ्यांचा देशी गुलाब लागतो, आणि एका कुंडीवर तेवढी फुलं येणार नाहीत. शिवाय तुम्ही गंधक, लोह असं काही ना काही फवारणार. गुलकंदाची हौस असेल तर दक्षिण सोलापुरात वडजीला गुलाबाची शेती आहे. तिथून फवारणी न केलेली फुलं मिळतात का ते विचारून आणा. किलोभर पाकळ्यांना किलोभर खडीसाखर, काचेच्या बरणीत थरावर थर, आणि महिनाभर ऊन. ऊन आपल्याकडं आहेच. जांभळं फूल देवाला आणि आजींच्या उशाशी ठेवा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत येणाऱ्या कळ्या मात्र वाटाण्याएवढ्या असतानाच खुडा, म्हणजे झाड मुळं धरेल. हे छोटीला आधीच समजावून ठेवा, नाहीतर तिला फार वाईट वाटेल.